दुसऱ्या वळणावरची हाक

ती सकाळ आठवली की मला आधी धुकं आठवतं, माणसं नंतर. मुरबाड तालुक्यातलं घाटाकडचं एक ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. पावसाळ्यातला रविवार. हजेरी आटोपून मी घाटातल्या बंदोबस्ताच्या पाळ्या लावत होतो, तेवढ्यात वैशाखऱ्यापलीकडच्या एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, ते पळणारे लोक आलेत ना, त्यांच्यातली एक बाई गावत नाय. वर पोचली नाय, खाली पन आली नाय. त्यांचा पुढारी बोलतो, पोलिसांना कशाला, येईल ती. मला काय बरा वाटत नाय."

ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगितलं आणि दोन शिपाई, दोरखंड घेऊन निघालो.

शहापूर आणि मुरबाडकडच्या हौशी धावपटूंचा तो क्लब. पायथ्यापासून पठारावरच्या देवळापर्यंत मैत्रीची शर्यत ठेवली होती. पद्धत अशी की जो सर्वांत हळू, त्याला आधी सोडायचं; जो सर्वांत वेगवान, त्याला शेवटी. म्हणजे सगळे वर साधारण बरोबरीने पोचतात आणि चुरस राहते. निघाले वीस, पोचले एकोणीस. बेपत्ता बाई पन्नाशीच्या, बँकेत नोकरीला. तिसऱ्या क्रमांकाने सुटलेल्या. मधुमेहाच्या रुग्ण, इन्सुलिन घेणाऱ्या.

देवळाच्या सभामंडपात त्यांचे पती हातात बायकोचा स्वेटर घेऊन उभे होते. विचारावं तेवढंच बोलत होते. घरी काही वाद झाला होता का, असं विचारल्यावर म्हणाले, "सकाळी झाला. या हवेत जाऊ नको म्हणत होतो." मी तो धागा पकडला आणि त्यांना उलटसुलट विचारत बसलो. अर्धा तास गेला. हाती काही लागलं नाही. घाबरलेला माणूस गप्प झाला, की आम्हा पोलिसांना तो लपवतोय असं वाटतं. ती चूक माझी.

दुसरीकडे शोध पठारावर चालू होता, कारण शर्यत जिंकलेल्या तरुणाने सांगितलं होतं, "काकूंना मी वर पठारावरच मागे टाकलं." पाटील आणि गावकरी तिथे हाका मारत फिरत होते. चार पावलांवरचा माणूस दिसत नव्हता.

मग मी मुळापासून सुरुवात केली. क्लबच्या प्रमुखाकडून सुटण्याच्या क्रमाची यादी घेतली आणि एकेकाला वेगळं बोलावून एकच प्रश्न विचारला. "बाईंना तुम्ही कुठे ओलांडलं?" रस्ता एका गाडीपुरता. धुकं कितीही असलं तरी ओलांडताना माणूस जाणवतोच. चौथ्या क्रमांकाने सुटलेल्याने त्यांना पायथ्याशीच गाठलं होतं. पाचव्याने बंधाऱ्याजवळ. सहाव्याला त्या दिसल्याच नव्हत्या. सातव्यालाही नाही. त्यापुढच्या कोणालाच नाही. दिसल्या त्या फक्त विसाव्याला, तेही थेट पठारावर.

हा विसावा म्हणजे शर्यत जिंकलेला तोच तरुण; किन्हवलीकडचा, शेतकरी घरातला. त्याला मी देवळामागे नेलं.

"काय करतोस?"

"भरतीची तयारी, साहेब. पोलीस भरतीची."

"बाईंना कोणत्या बाजूने ओलांडलंस? डाव्या की उजव्या?"

 त्याच्या कपाळावरून पाणी निथळत होतं, पावसाचं की घामाचं ते कळेना. आवाज चढवायची मला सवय होती; त्या दिवशी चढवला नाही.

"तुझ्या पुढच्या चौदा जणांना ती बाई दिसली नाही. तुझा जबाब मी नंतर घेईन. त्यांची साखर उतरत असेल, वेळ नाही. आधी जागा सांग."

"दुसऱ्या वळणावर," तो म्हणाला आणि खालीच बसला. "खालून आवाज आलेला, साहेब. कुणी आहे का, असा. मी थांबलो नाय. मला पयला यायचा होता. मंग पोलीस आले नं मी भ्यालो. माझा नाव कागदावर आला तर भरती गेली माझी."

बंधाऱ्याच्या वरचंच वळण. धावत खाली आलो. कडेची माती नुकतीच खचलेली होती. खाली कारवीच्या झुडपांत काही दिसत नव्हतं, हाकेला ओ नव्हती. शिपाई दोर बांधत होता, तोवर त्या तरुणाने दोराचं टोक कमरेला गुंडाळलं आणि मी नको म्हणेपर्यंत उतरलासुद्धा. दोर सुटत गेला, थांबला.  मग धुक्यातून त्याची हाक आली, "हायेत! श्वास चालू हाय!"

बाईंचा घोटा मोडला होता, शुद्ध हरपत होती. चादरीची झोळी बांबूला बांधून त्यांना वर काढलं. आमच्यामागोमाग उतरलेल्या पतींनी खिशातल्या पुडीतली साखर त्यांच्या गालात घातली. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या थोड्या बोलू लागल्या.

"पडल्यावर आधी शुद्धच नव्हती. मग किती हाका मारल्या. कोणालाच ऐकू गेलं नाही."

 मी बोलणार नव्हतो. ती वेळ नव्हती. पण तो तरुण पुढे आला.

"मला गेला होता ऐकू, काकू."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "मग थांबला का नाहीस?"

रुग्णवाहिका आली तेव्हा झोळीचं पुढचं टोक त्यानेच उचललं. 

बाई वाचल्या. मी सगळ्यांचे जबाब नोंदवले, त्याचाही, त्याने सांगितला तसाच. हाक ऐकून न थांबण्याला मला कुठलं कलम लावता आलं नाही. खोटं बोलून त्याने शोध भलतीकडे नेला, ते मात्र मी खरमरीत शब्दांत त्याला ऐकवलं. पुढे तो भरतीत निवडला गेला. चारित्र्य पडताळणीचे कागद त्याच्या गावच्या ठाण्याकडे गेले आणि तिथल्या अधिकाऱ्याने मला फोन करून विचारलं, "मुलगा कसा आहे?"

मी घडलं ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. नोकरीत मी शेकडो कबुल्या ऐकल्या. बहुतेक पुरावा समोर ठेवल्यावरच्या. देवळामागची त्याची कबुलीही तशीच, मी कोंडीत धरल्यावरची. पण त्या बाईंना काही माहीत नव्हतं, मी गप्प होतो, आणि तोही गप्प राहिला असता तर त्यांना कदाचित कधी कळलंही नसतं. तिथे तो बोलला. गुन्हेगार आणि घाबरलेला माणूस यांच्यात फरक करायला मी त्या दिवशी शिकलो, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली असताना.

"घ्या त्याला," मी फोनवर म्हणालो.