वर्षांचा रकाना

"स्कूटर तो भैया से ज्यादा चल गई..." मामाजी गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मागच्या खुर्चीवरून कुणीतरी हळूच म्हणालं. दुसरं कुणी तितक्याच हळू हसलं. मला राग आला नाही. मामाजी असते तर त्यांनी वळून विचारलं असतं, "ज्यादा म्हंजे किती? किलोमीटर सांगा."

मामाजी रायपूरजवळ सिलतऱ्याच्या एका कारखान्यात गाड्यांच्या दुरुस्तीचं काम पाहायचे. आईबाबांच्या सततच्या बदल्यांमुळे मी आठवीपासून त्यांच्याकडे, रायपूरलाच वाढले. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना विचारल्याशिवाय कुणी गाडी घेत नसे. रविवारी सकाळी लोक शोरूमचा घडी घातलेला कागद घेऊन येत, आणि मामाजी तो उघडतही नसत. आधी विचारत, रोज किती चालणार, मागे कोण बसणार, रस्ता कसा आहे, आणि सगळ्यात शेवटी, किती वर्षं ठेवणार? मग लांब रजिस्टरमध्ये त्या माणसाच्या नावाचं पान उघडे. पेट्रोल, टायर, विमा, आणि त्यांचा स्वतःचा एक रकाना, 'उभी राहिली ते दिवस', म्हणजे गाडी न चालता पडून राहिल्याचा. पंडरीच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले शेजारचे साहूजी डिझेल गाडीचा हट्ट धरून आले तेव्हा मामाजी म्हणाले, "घर से दुकान दो किलोमीटर. डीजल किसके लिए ले रहे हो, पड़ोसी के लिए?" मला मात्र ते समजावून सांगत, "गाडी शोरूममंदी एकदा विकत घ्या लागते, मंग रोज थोडी थोडी."

स्वतः मात्र त्यांनी अभनपुरहून एक जुनी जीप आणली होती, केवळ तिचा आवाज आवडला म्हणून. तिचा 'उभी राहिली'चा रकाना भरून समासात सांडला होता. "जीपनं माह्या बांगड्या खाल्ल्या," मामी म्हणायची. त्यावर मामाजींचं ठरलेलं उत्तर, "पण गात होती नं ते!"

मी शाळेत असताना रायपूरबाहेर वसणाऱ्या नव्या राजधानीत रस्ते आले होते, माणसं यायची होती. सकाळी ते मला त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसवून तिकडे नेत. दोन्ही बाजूंना धानाची शेतं, मधोमध एवढा रुंद रस्ता, आणि कुणासाठी कोण जाणे, अजून जळत असलेले दिवे... पुलाच्या उतारावर ते इंजिन बंद करत. मग आवाजच नसे, फक्त वारा, आणि आपण रस्त्यावर आहोत की रस्ताच आपल्याखालून वाहतो आहे, हे कळेनासं होई. "हे फुकटचं चालनं," ते म्हणत. पुढे बॅटरीच्या स्कूटर आल्या तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले. "आता सगळा उतारच उतार!"

मला त्याच नव्या राजधानीत नोकरी लागली, तेव्हा मीही गाडीचं विचारलं. तो त्यांचा शेवटचा रविवार ठरला. त्यांनी माझं पान उघडलं. जुनी पेट्रोल, नवी पेट्रोल, बॅटरीवाली. दोन-तीन वर्षांसाठी जुनी पेट्रोल बरी, दहा वर्षं चालवायची तर बॅटरीवाली, मधे एकदा बॅटरी बदलूनसुद्धा. "तू इथं कितीक वर्षं राहशीन?" त्यांनी पेन्सिल थांबवून विचारलं. पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं बोलावणं तेव्हा माझ्या फोनमध्ये होतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या मराठीला नेहमी हिंदीत उत्तर देणारी मी, तेव्हाही म्हणाले, "पता नहीं, मामाजी."

"अशी घाबरते काहून वं? हिशोबच हाय, परीक्षा नाही." ते हसले आणि रजिस्टर मिटलं. गुरुवारी ऑफिसात मामीचा फोन आला. छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच...

परवा मामीने ते रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. "चष्मा सापडत नाही. तुह्या पानावर का लिवलं हाय, वाच नं." त्या रविवारी मी उठून गेल्यावर त्यांनी तिन्ही गाड्यांचे रकाने बारीक अक्षरात पूर्ण भरले होते. फक्त 'वर्षं' पुढची जागा कोरी होती, आणि तिच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'घाई नाही'. पुण्याला उत्तर द्यायचा तो शेवटचा दिवस होता. मामी चष्म्याशिवायच्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहत होती. बाहेर मामाजींची स्कूटर उभी होती, तिचा 'उभी राहिली'चा आणखी एक दिवस.

मी पेन्सिल उचलली.

"दहा," मी म्हणाले. "दहा वर्षं, मामी. बॅटरीवाली घेऊ."