इंजिन नसलेली गाडी

"आवो, घाई कुणाला आहे?" असं म्हणत ते बॉनेटवर दोन्ही तळवे ठेवायचे आणि हलकेच दाबून ते बंद करायचे. आपटायचे नाहीत. घरात भांडण करून खाली आलेले असले तरी नाही.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत त्यांना सगळे 'गाडीवाले' म्हणत. मूळचे साताऱ्याकडचे, महाप्याच्या एका कारखान्यात टर्नर, म्हणजे लेथवर लोखंडी भाग घडवणारे. आणि गाडी कसली, तर विलायती, दोन सीटची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार! ज्या शेठच्या वर्कशॉपमध्ये ते काम शिकले, त्यांनी मुंबई सोडताना ती यांच्या हवाली केली होती. टर्नरच्या दारात स्पोर्ट्स कार, म्हणजे चेष्टेला काय तोटा. तुम्हीही केली असतीत.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे माझं डोकं फिरलेलं दिसेल, तर ते फक्त दुसऱ्यांवर फिरलंय असं समजू नका.

त्या गाडीचे पार्ट बाजारात मिळायचे नाहीत. ते स्वतः करायचे, कारखान्यात, सुट्टीच्या दिवशी, साहेबांची परवानगी काढून. एक बुश, म्हणजे दांड्यावर बसणारं धातूचं कडं, त्यांनी तीनदा केला. मी म्हटलं, "बसतोय की आता." तर म्हणाले, "बसतोय, पन खूश न्हाई." आणि पुन्हा महाप्याला गेले.

एका रविवारी मला खारघरकडे घेऊन गेले. तेव्हा तिथं नुसते आखलेले रस्ते आणि डोंगर. त्या गाडीत बसणं म्हणजे रस्त्यावर बस्कर टाकून बसणं. शेजारून ट्रक गेला की त्याचं चाक आपल्या कानाशी. इंडिकेटर बंद, म्हणून वळताना हात बाहेर काढायचे. हायवेवर टेम्पोसुद्धा आम्हाला मागे टाकत होते. मी वैतागलो. "अहो, स्पोर्ट्स गाडी ना ही? दाबा की!"

"इंजिन गरम होऊ द्या, सेक्रेटरी. घाई कुणाला आहे?"

मग रिकामा रस्ता लागला आणि त्यांनी अशी काही दाबली की माझी टोपी उडाली ती उडालीच. मी ओरडत होतो. ते मोठमोठ्यानं भजन म्हणत होते, पार बेसूर. पन्नाशीतला माणूस इतका खूश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

सोसायटीतलं एकही लग्न त्या गाडीशिवाय झालं नाही. चेअरमनसाहेबांची मुलगी सासरी गेली ती त्याच गाडीतून. चेअरमन डोळे पुसत म्हणाले होते, "गाडीवाले, तुमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत." जन्मात! दोन वर्षं नाही टिकले ते उपकार.

झालं असं, की इंजिन धूर ओकायला लागलं. त्यांनी ते उतरवून कारखान्यात नेलं. गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, चाकं चोरीला जायला नकोत म्हणून घरात पलंगाखाली ठेवली आणि वर ताडपत्री बांधली. वर्षभर ते रविवारी रविवारी जाऊन त्या इंजिनावर खपत होते. काम संपत आलं आणि गावाकडे भाऊ अंथरुणाला खिळला. रजा काढून, वहिनींना घेऊन निघताना त्यांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. गावातल्या किराणा दुकानाचा फोन नंबर. "इंजिन झालंय, सेक्रेटरी. आल्यावर बसवायचं. तवर गाडीवर लक्ष असू द्या. कायबी झालं तर फोन करा."

ते गेले आणि चेअरमननं नवी कोरी गाडी घेतली. ती लावायला जागा हवी. लगेच मीटिंग! विषय काय, तर 'आवारातील बेवारस भंगार हटविणे'. बेवारस! मालकाच्या दारावर नावाची पाटी होती, वहिनींचं तुळशीचं रोप होतं गॅलरीत.

"इंजिन नाही, चाकं नाहीत, त्याला गाडी म्हणायचं कशाला?" चेअरमन म्हणाले आणि लोक हसले. ज्यांची पोरं त्या गाडीतून फुकट फिरली, ज्यांचे नवरदेव तिच्यात मिरवले, त्यांनी पटापट हात वर केले. लाज नावाची गोष्ट नाही. मी हात वर केला नाही, एवढंच. तोंडही उघडलं नाही. नोटीस मी लिहिली, सही मी केली, फळ्यावर मी लावली. दोनशे किलोमीटरवर भावाच्या उशाशी बसलेल्या माणसानं ती सात दिवसांत वाचायची होती. नियम म्हणजे नियम!

आणि चिठ्ठी माझ्या डायरीत होती. फोन केला असता तर चेअरमनशी वाकडं आलं असतं. बस, एवढंच कारण. भित्रा होतो मी, दुसरं काही नाही.

आठव्या दिवशी भंगारवाला आला. चाकांशिवाय गाडी ढकलता येईना, म्हणून त्यानं गॅस कटर लावून तिथंच तिचे तुकडे केले.

पंधरवड्यानं गाडीवाले आले. भाऊ गेला होता, डोक्याचा गोटा केलेला. एसटीतून उतरून घरी न येता ते आधी महाप्याला गेले होते, आणि आले ते टेम्पोत इंजिन घेऊनच. झेंडूचा हार घातलेलं, तेलपाणी केलेलं इंजिन. आपल्या जागेवर चेअरमनची गाडी बघून ते इकडंतिकडं पाहायला लागले.

"सेक्रेटरी, कुठं हलवलीत गाडी?"

मी सांगितलं. टेम्पोवाल्यानं आपणहून विडी टाकून दिली. मला वाटलं, आता हे माझी गचांडी धरतील. धरायलाच हवी होती. पण ते बराच वेळ त्या हाराची फुलं सारखी करत राहिले. मग हळूच म्हणाले, "कापताना कुनी हुतं का तिच्याजवळ?"

"होतो," मी म्हणालो. "मी होतो ना. शेवटपर्यंत."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "लई बरं केलंत," म्हणाले. "एकटी न्हवती म्हनायची." आणि रडले.

महिन्याभरात फ्लॅट विकून दोघं गावी गेली. जाताना मला नमस्कार करून गेले. सबंध सोसायटीत फक्त मला.

गाडी कापली त्या दिवशी मी वर घरात होतो. खिडक्या लावून, टीव्हीचा आवाज मोठा करून.