मानेवरचे दोन डाग

कुत्र्यांना शिकवणारे मास्तर विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याचा रिमोट सहजासहजी कुणाच्या हाती देत नसत. आज आलेल्या शिवणकामवाल्या बाईंचा कुत्रा दोनदा गाडीखाली येता येता वाचला होता.

"मास्तर, झटका जोरात ठेवा. एकदाच काय ती अद्दल घडू दे!"

मास्तरांनी आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला जवळ बोलावलं. तिच्या मानेवर बिनकेसांचे दोन डाग होते.

"हा माझा प्रताप. पट्टा दिवसरात्र तसाच ठेवला, त्याची दोन टोकं कातडीत रुतताहेत हे बघितलंच नाही."

बाईंनी वाकून ते डाग जवळून बघितले.

"आधी लांब दोरीवर हाक शिकवू. पट्टा नंतर, तोही अगदी कमी आकड्यावर. आणि दर काही तासांनी काढायचा."

टेबलावरचा पट्टा बघून म्हाताऱ्या कुत्रीने सवयीने मान पुढे केली. मास्तरांनी त्या डागांवर नुसता हात ठेवला.