रनरांच्या घरचा कप

चिंचेचा कोळ लावून फजलभाई कप घासत होते. बोटं काळी झाली, धातू चमकायला लागला आणि मळाखालून अक्षरं वर आली. ती त्यांनी दोनदा वाचली.

'खाडी कप, १९३४. रनर्स-अप.'

दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात तीस वर्षं खोक्यांवरचं इंग्रजी वाचणारा माणूस. वाचण्यात चूक होणं शक्य नव्हतं.

"हजरा!" त्यांनी बायकोला हाक मारली. "आजोबा हरले होते."

गावात त्यांच्या घराला 'रनरांचं घर' म्हणत. आजोबांनी वाऱ्यासारखं धावून कप जिंकला, म्हणून त्यावर 'रनर' कोरलंय, असं घरादाराला ठाऊक होतं. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. ज्यानं वाचून दाखवलं तो पहिल्या शब्दावरच थांबला असावा.

ही गोष्ट फजलभाईंनी दोह्यात इतक्यांदा सांगितली होती, की उद्याच्या कोकणी मंडळींच्या फुटबॉल सामन्यांआधी त्यांनाच माइकवर बोलायचं होतं. कप त्यासाठीच गावाहून आणवला होता. त्यात दानियाल येणार. त्याचे आजोबा चौतीसचा तोच अंतिम सामना खाडीपलीकडच्या गावाकडून खेळले होते. "हरलेल्यांनी चहा पाजायचा," म्हणून फजलभाई त्याला वीस वर्षं चिडवत आले होते.

"कपाला परत काळं फासू?" त्यांनी बायकोला विचारलं.

"फासा. अन् थोडा तोंडाला पन लावा, जुळून दिसंल."

शुक्रवारी असरच्या नमाजानंतर अल थुमामाच्या मैदानावर माइक हातात आला. सुरुवात कशीबशी झाली. पहिल्या लढाईहून परतलेल्या खलाशांनी हा कप सुरू केला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या वाळूवर अनवाणी खेळायचे. घड्याळ कुणाकडे नव्हतं. भरतीचं पाणी गोलाच्या बांबूला लागलं की सामना संपला. दुसरी लढाई लागली, पोरं पुन्हा बोटींवर गेली, आणि कप बंद पडला.

"यल्ला, चला, रनरभाई!" दानियाल पुढच्या रांगेतून ओरडला. "तुमच्या आजोबांचा गोल येऊ द्या!"

टेबलावर कपाची अक्षरं लखलखत होती. कप कुणीही हातात घेऊन वाचू शकलं असतं.

"चौतीस साली," फजलभाई म्हणाले, "आम्ही हरलो. कपावर तसं लिहिलंय. मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं."

दानियाल उठला. कप उचलून त्यानं ओठ हलवत वाचलं, आणि तसाच धरून उभा राहिला.

"दादी सांगायची, आपण जिंकलो," तो हळू म्हणाला. "मी म्हणायचो, मग कप कुठाय? ती म्हणायची, जिंकणाऱ्यांचा मोठा कप वर्षानं परत द्यावा लागं, हरणाऱ्यांचा छोटा घरी ऱ्हाई. मी म्हटलं, म्हातारी मनचं सांगते. तिच्या तोंडावर म्हटलं, फजलभाई."

फजलभाईंनी माफी मागावी, तर ती म्हातारी आता हयात कुठे होती?

दानियालनं कप जपून टेबलावर ठेवला. बाहीनं डोळे पुसले. "मग आता चहा कोण पाजनार?"

"मी," फजलभाई पुटपुटले. माइक तोंडापाशीच होता. ते 'मी' मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं.