दुसऱ्यांदा नैवेद्य

कुंभकोणमला आमच्या शेजारचे अण्णा पाच मिनिटांत श्रीखंड करतात. टांगलेल्या दह्यात अंदाजानं साखर टाकून हातातला मिक्सर फिरवतात आणि अभंग गातात. मिक्सरचा वेग वाढला की अण्णांची पट्टीही चढते. देवाआधी चाखायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम. त्यामुळे साखरेचा अंदाज हमखास चुकतो.

काल नैवेद्य दाखवून झाल्यावर त्यांनी वाटीतलं बोटभर चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"असू द्या अण्णा, चालेल," मी म्हटलं.

"तुला चालेल."

त्यांनी पातेल्यात आणखी साखर टाकली, मिक्सर फिरवला, नवी वाटी भरली. पुन्हा घंटा वाजवली आणि कान धरून म्हणाले, "विठ्ठला, मघाचें विसर. आतां खा."