पाणी न देणारी बाई

आधी आमच्या इन्चार्ज सिस्टरांचं सांगते, मग काय झालं ते. "माहं नाव कुठं लिहू नका बाप्पा," असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं सिस्टर लिहिते. इकडं संत्र्यांच्या मुलखात, तळेगावच्या बाजूला हमरस्त्याला लागून एक लहान दवाखाना आहे. सिस्टर तिथं कित्येक वर्षांपासून नर्स आहेत आणि मी चार वर्षांपासून मावशी. मावशी म्हणजे झाडझूड, चादरी बदलणं, बेडपॅन, स्ट्रेचर ढकलणं. वयानं त्या माझ्याहून पुष्कळ मोठ्या, तरी मला मावशीच म्हणतात. आज मी जखमी माणसाच्या उशाशी उभी राहू शकते ती त्यांच्यामुळं. घाबरते अजून, पण उभी राहते.

मी इथली नव्हे. माझं घर समुद्राकाठी, वेंगुर्ल्याकडं. आठवीत असताना आई अंथरुणाला खिळली, मासळीची टोपली माझ्या डोक्यावर आली आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर नवरा रस्त्याच्या कामावर मशीन चालवायला इकडं आला, त्याच्यामागून मी. रस्ता होत होत पुढं गेला, नवराही रस्त्याबरोबर पुढं गेला. मुलीची शाळा मोडू नये म्हणून आम्ही दोघी इथंच राहिलो. सुरुवातीला मी तोंड उघडलं की बाया हसायच्या. "तुम्ही तं पेपरातल्यावानी बोलता वो," म्हणायच्या. मग मी बोलणंच कमी केलं.

मला सगळ्यात भीती कागदाची. कुठलाही नवा कागद आला की त्यात शिक्षणाचा रकाना असणार, आणि तिथं मी आठवी लिहिणार, आणि कुणीतरी मान वर करून माझ्याकडं बघणार. गेल्या वर्षी तसाच एक कागद आला. अपघातातल्या जखमींना कसं सांभाळायचं, याचं नर्सना ऑनलाइन शिक्षण मिळणार होतं. आठवड्यातून दोन दुपारी कॉम्प्युटरसमोर बसायचं. आमच्या डॉक्टरांनी वर एक जोडलं, की यापुढं अपघाताच्या खोलीत शिकलेलेच लोक राहतील, बाकीच्यांनी धुलाईत जावं. चादरी-कपड्यांच्या धुलाईचं काम लवकरच कंत्राटावर जाणार होतं, म्हणजे तिथं गेलेल्याची नोकरीच जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी डबा उघडलाच नाही मी.

सिस्टर डॉक्टरांकडं गेल्या. मी दाराबाहेर पोछा मारत होते, एकाच फरशीवर.

"सर, मावशीलेही बसवते मी क्लासले."

"अहो, आठवी शिकलेली बाई. ती काय करणार तिथं?"

"दुपारी गाडी उलटली तं माह्यासंगं कोण असते सर? तुम्ही जेवायले गेले असता. ही असते. मी शिकली अन् हिले समजलं नाई, तं माहं शिकणं अर्धंच राह्यलं ना."

डॉक्टर हसले असावेत. "बसवा मग," एवढंच ऐकू आलं.

ड्रेसिंगच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप आणि सिस्टरांच्या खुर्चीला लागून माझी खुर्ची. नेट खिडकीजवळच धरायचं, म्हणून सिस्टरांचा मोबाइल गजाला रबरबँडनं बांधलेला. पडद्यावर वरच्या बाजूला लहान लहान चौकोनांत ठिकठिकाणच्या नर्सा आणि शिकवणाऱ्या एक मॅडम. मधोमध एका खाटेवर चित्रातला जखमी तरुण. मोटारसायकलवरून पडलेला, डोकं रक्तानं माखलेलं. त्याच्या बाजूला नाडीचे, श्वासाचे आकडे सारखे हलत होते. आपण जे करायला सांगू त्याप्रमाणं तो सुधारणार किंवा बिघडणार. तो कण्हायचासुद्धा. त्याचं कण्हणं ऐकून मी पदर तोंडाशी नेला.

मॅडमनी विचारलं, "बाजूच्या ताई कोण? त्यांचं शिक्षण?"

मी खाली बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "ह्या माह्या जोडीदारीण आहेत मॅडम. ड्यूटीवर संगंच असतो."

"छान. मग आधी तुम्हीच सांगा ताई, हा तरुण आलाय. पहिलं काय कराल?"

मला वाटलं, एवढं तर मला येतं. गावाकडं काय आणि इथं काय, पडलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा जे करतात तेच मी सांगितलं. "त्याला उठवून बसवीन आणि पाणी पाजीन."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी तसं केलं. पोरगा बसला, पाणी प्याला, उलटी झाली, ती घशात गेली. आकडे घसरायला लागले. शेवटी एक लांब रेघ आली आणि कण्हणं थांबलं.

मला रडू फुटलं. एवढ्या नर्सांसमोर. खरंच माझ्या हातून कुणी गेलं असं वाटलं.

"अवो मावशी, चित्र आहे ते," सिस्टर कानाशी म्हणाल्या. "थांबा, उठवू त्याले." त्यांनी कोपऱ्यातल्या बटणावर माझं बोट ठेवलं आणि दाबलं. पोरगा पुन्हा पहिल्यासारखा कण्हायला लागला. "पाहा, तुमच्यावर काही राग नाई त्याचा."

त्या महिन्यात तो पोरगा माझ्या हातून किती वेळा गेला, मोजलं नाही. एकदा डोक्याचं रक्त पुसत बसले आणि पोटात रक्त साचतंय हे बघितलंच नाही. एकदा मान न धरता कुशीवर वळवला. प्रत्येक वेळी तो उठला. चुकायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट असते, हे शाळा सुटलेल्या माणसाला विचारा. आम्हाला एकदा चुकलं की धुलाई.

पडद्यावर पेशंट वळवायला बोट दाबलं की झालं. सिस्टरांना ते पटेना. "बोटानं कुठं वळते माणूस?" म्हणून दुपारी ओपीडी संपली की त्या आमच्या कंपाउंडरला टेबलावर झोपवायच्या. तो जाड्या, शिवाय गुदगुल्या होणारा. "मेलेलो नाही मी अजून, हळू धरा," म्हणून ओरडायचा. मला उशाशी उभं केलं. दोन्ही हातांनी डोकं धरायचं, मान शरीराच्या रेषेत ठेवायची, आणि जो डोकं धरतो त्यानंच आकडे म्हणायचे. तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम वळवायचं.

"मी म्हणू? तुम्ही म्हणा ना सिस्टर."

"डोक्यापाशी जो, त्याचा हुकूम. मग डॉक्टर असो का कलेक्टर. म्हणा."

आमच्याकडं किनाऱ्यावर जाळं ओढताना एकजण हाळी देतो आणि दोन्हीकडची माणसं एकदम ओढतात. मी डोळ्यांपुढं तेच आणलं आणि हाळी दिली. कंपाउंडर दचकून टेबलावरून पडता पडता वाचला. सिस्टर हसून हसून खाली बसल्या. "आता जमलं," म्हणाल्या.

मग तो दिवस आला. संत्र्यांचा हंगाम, भर दुपार. वळणावर संत्री भरलेली पिकअप उलटली होती. लोकांनी चालवणाऱ्या तरुणाला जीपमध्ये दोघांच्या मधे बसवून आणलं, मान छातीवर लोंबत होती. सोबत त्याचे वडील, धोतर रक्तानं भरलेलं, पण स्वतः धड. डॉक्टर घरी जेवायला गेले होते. सिस्टरांनी त्यांना फोन लावला, १०८ च्या ॲम्ब्युलन्सला लावला आणि मला नुसत्या डोळ्यांनी खूण केली. मी उशाशी गेले आणि डोकं धरलं.

तो शुद्धीत होता. "पानी," म्हणाला. "बाबा, पानी."

वडील ग्लास भरून घेऊन आले. मी नाही म्हटलं.

"नाई काऊन? पानी मागून राह्यला माहा पोरगा, ऐकू येत नाई तुले?"

"काका, आत्ता नाही देता येत. उलटी होईल, घशात जाईल."

"दुश्मनालेही पानी देते माणूस! कुठची आहे वो ही बाई? बोलणं पाहा हिचं. आपल्याकडची असती तं अशी वागली असती का?"

दाराशी जमलेले लोकही बोलायला लागले. द्या दोन घोट, काय होते दोन घोटानं. ग्लास माझ्या कोपराला लागला, पाणी माझ्या हातावर सांडलं. माझे दोन्ही हात गुंतलेले, डोळे पुसायची सोय नव्हती. मनात आलं, द्यावं. दोन घोटांनी सगळे गप्प होतील, मीही इथली होईन. माझी नजर उगाच त्या पोराच्या खाटेच्या कोपऱ्यात गेली, जिथं पडद्यावर ते बटण असायचं.

सिस्टर सलाइनची सुई लावत होत्या. मान वर न करता त्यांनी ओला कापूस वडिलांच्या हातात दिला. "दादा, ह्यानं त्याचे ओठ ओले करा. फक्त ओठ. मावशी सांगते तसं करा." म्हातारा माणूस ओठांवर कापूस फिरवायला लागला आणि ओरडायचा थांबला.

तेवढ्यात डॉक्टर आले. पाठ तपासायला वळवायचं होतं. त्यांनी एका बाजूनं हात घातले आणि थांबले. माझ्याकडं बघत थांबले. मला कळेना का थांबलेत, मग कळलं. मी हाळी दिली. एक, दोन, तीन. सगळे एकदम वळले.

पोरगा मोठ्या दवाखान्यात गेला. पोटातच रक्त साचलेलं निघालं, लगेच ऑपरेशन झालं, वाचला. क्लासचं सर्टिफिकेट सिस्टरांच्या नावाचं आलं, माझं नाही. शिक्षणाच्या रकान्यात मी बसत नव्हते. पण पुढच्या महिन्याचा ड्यूटीचा तक्ता लागला त्यात अपघाताच्या खोलीपुढं सिस्टरांच्या नावाखाली माझं नाव होतं. तो तक्ता मी तीनदा वाचला. धुलाईच्या ओळीतही बघून घेतलं, चुकून दोन्हीकडं तर नाही ना.

उन्हाळा लागल्यावर ते वडील कसलेसे कागद न्यायला आले. पोरगा आता काठी घेऊन चालतो म्हणाले. मी ओळख दिली नाही, अजून रागात असतील असं वाटलं. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, बाकावर बसले आणि म्हणाले, "कावो बाई, आता तरी पाजता का पानी?"

मी तांब्या भरून आणला. ते सगळा प्याले. सिस्टर दारात उभ्या राहून बघत होत्या, तोंडाला रुमाल लावून.

सिस्टरांनी समुद्र पाहिलेला नाही. तळ्याच्या काठालाही त्या दोन हात लांब उभ्या राहतात, पाण्याची भीती वाटते म्हणतात. मी त्यांना सांगून ठेवलंय आणि इथंही लिहून ठेवते. एक दिवस मी तुम्हाला माझ्या घरी नेईन, सिस्टर. किनाऱ्यावर माझ्या शेजारी तुमची खुर्ची मांडीन. आणि लाटेत पाय घालायची वेळ आली की तुमचा हात धरून आकडे मी म्हणेन. घाबरलात तर मागं फिरू, पुन्हा जाऊ. किती वेळा फिरलो ते मी मोजणार नाही.