उघडा ठेवलेला पासवर्ड

आजकाल माझा पासवर्ड कुणाच्या बापाला सापडणार नाही. तो सेटिंगच्या फाइलीत नसतो, वहीत नसतो, बायकोलाही ठाऊक नाही. वेगळ्या फाइलीत गुप्त लिपीत बंद करून ठेवतो आणि ती फाइल उघडायचं लांबलचक वाक्य फक्त माझ्या डोक्यात. मुलगी हसते, म्हणते, "बाबा, तुमच्या मेलमध्ये असं आहे तरी काय?" काही नाही गो. बैल कधीच गेला, आता मी झोपा बांधतोय.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. शहापूरला एका संस्थेच्या कचेरीत मी नोकरीला होतो. डोळखांबकडच्या पाड्यांवर संस्थेचे अभ्यासवर्ग चालायचे, त्यांची माहिती मेलने मुख्य कचेरीला कळवायची हे माझं काम. कॉम्प्युटर कुणीतरी दान दिलेला, जुना. माऊस नव्हता. काळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं बोटांनी. फोनची लाइन मरतुकडी, म्हणून कल्याणहून येणाऱ्या इंजिनियरने नुसत्या अक्षरांवर चालणारा मेलचा प्रोग्राम टाकून दिला होता. मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहायची. पण मला तो काळा पडदा भारी आवडायचा. पाड्यावरच्या पोराच्या हाती असलं यंत्र, छाती फुगणारच.

इंजिनियरने एकच गोष्ट दहादा बजावली होती. "पासवर्ड सेटिंगच्या फाइलीत उघडा लिहायचा नाही. या मशीनवर बसणारा कुणीही ती फाइल वाचेल, आणि तुमच्या नावाने मेल पाठवेल. मी तो वेगळ्या फाइलीत बंद करून देतो. प्रोग्राम सुरू करताना वाक्य विचारेल, ते तुम्ही एकट्यानेच टाकायचं." मी मान डोलावली. महिनाभर पाळलंही.

पण आमच्या पाड्यात दाराला कुलूप नसतं. सगळे रानात गेले की दार ओढून आडवी काठी लावायची, झालं. ती काठी कुत्र्याकोंबड्यांसाठी, माणसासाठी नव्हे. कुणी कुलूप लावलंच तर शेजारीण विचारणार, "का गो, आमी चोर हाव का?" मी त्यातच वाढलो. कचेरीत सगळ्यांत जुने एक कारकून होते, त्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते माझ्या मागे उभे असले की ते वाक्य टाकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा ते हसत म्हणाले, "काय रे, आमच्यापासून लपवतोस? तू पाड्यावर गेलास की मेल कोणी बघायचा?" त्यांच्या डब्यातलं कालवण मी रोज खायचो. लाज वाटली. त्याच दुपारी पासवर्ड सेटिंगच्या फाइलीत उघडा लिहून टाकला आणि काकांना फाइल दाखवलीसुद्धा. हात तिच्या, दाखवलीसुद्धा!

आमच्या पाड्यावरचा वर्ग माझा मित्र घ्यायचा. आश्रमशाळेत आम्ही एका घोंगडीत झोपलेलो. त्याचे आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे. तो मात्र संस्थेच्या मानधनामुळे गावात राहिला होता. लोक त्याला गुरुजी म्हणायचे. त्या नोकरीशिवाय त्याच्याकडे दुसरं काहीही नव्हतं, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं.

होळीनंतर मुख्य कचेरीचे साहेब इंजिनियरला घेऊन जीपने आले. त्यांच्या हातात एक छापील कागद. वर माझं नाव, माझ्या पत्त्यावरून गेलेला मेल. खाली लिहिलेलं : आमच्या पाड्यावरचा वर्ग कित्येक महिने बंद आहे, हजेरी खोटी आहे, होळीच्या आदल्या दिवशी मी स्वतः जाऊन आलो, वर्गाला कुलूप होतं.

मी असलं काही लिहिलं नव्हतं. मी इंजिनियरकडे बघितलं, तर त्यानेच विचारलं, "फाइल मी बंद करून दिली होती, तशीच आहे ना?"

त्याच महिन्यात मला कायम करायचं चाललं होतं. नाही म्हणालो असतो तर हलगर्जीपणाचा ठपका आला असता, कदाचित घरी बसवलं असतं. म्हणालो, "हो सर. तशीच आहे."

"दुसऱ्या कुणाला पासवर्ड माहीत?"

"नाही सर."

काका कोपऱ्यात चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दोस्त असून खरं कळवलंत. अवघड असतं." आणि मी? मूग गिळून बसलो. इंजिनियर गेल्यावर धावत जाऊन फाइलीतला पासवर्ड खोडला, हा माझा पराक्रम.

मित्राला काढलं. कागदाची एक प्रत त्यालाही दिली, वर माझं नाव असलेली. पुढच्या महिन्यात त्याच्या जागी काकांचा भाचा आला, तेव्हा मला सगळं कळलं. तरीही बोललो नाही. मी कायम झालो होतो ना! काकांच्या डब्यातलं खाणं तेवढं बंद केलं. लाज वाटते सांगायला, तेव्हा मला तीही मोठी शिक्षा वाटली होती.

त्या दिवाळीनंतर मित्र भट्टीवर गेला. पुढे सासुरवाडीला, मुरबाडकडे, राहायला गेला असं ऐकलं. मी समजून चाललो की तो मला शिव्या घालत असणार. त्याने मला गद्दार समजावं, हे मला सोयीचंच होतं. तोंड दाखवायला नको.

सात-आठ वर्षांनी धसईच्या बाजारात तो दिसला. गोणपाटावर काकड्या, दुधी, वालाच्या शेंगा मांडून बसलेला. केस पिकलेले. मला वाटलं, उठून कानाखाली वाजवेल. त्याने गोणपाटाचा कोपरा सारून बसायला जागा केली. मग मला राहवलंच नाही. सगळं ओकलो : उघडी फाइल, काका, साहेबांपुढचं माझं खोटं. "मी लिहिलं नव्हतं रे," म्हणताना रडायलाच आलं.

तो एका बाईला काकड्या तोलून देत होता. तागडी खाली ठेवून म्हणाला, "तू लिहिलं नाय ते मला कागद वाचला तेव्हाच कळलं."

"कसं?" मी डोळे पुसत विचारलं.

"वर्गाला कुलूप होतं म्हणे. आपल्या पाड्यात कुलूप कुणाकडं होतं रे? आपल्यातला माणूस असं लिहील का?"

ते वाक्य मीही वाचलं होतं, साहेबांच्या समोर. एवढं एक जरी बोललो असतो तरी पुरलं असतं.

"मग इतकी वर्षं तू गप्प का?" मी विचारलं.

"मी कुठं गप्प होतो? मी साहेबांना सांगितलं, त्यालाच विचारा, तो खोटं नाय बोलायचा. ते म्हणाले, विचारलंय." त्याने काकड्या बाईच्या पिशवीत ओतल्या. "तरी वाटलं, तू येशील. दोन होळ्या वाट बघितली. मग नाय बघितली."

बाईने दुधीचा भाव विचारला, आणि तो तिच्याशी बोलायला लागला.